टाकीत तांब्याभर पाणी

ज्या वर्षी गाड्यांच्या कॉम्प्युटरला कुलूप लावायचा कायदा आला, त्याच वर्षी आमच्या घाटात काजूच्या बोंडांपासून इंधन निघू लागलं. या दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात आल्या नसत्या तर माझं दुकान आज उघडं असतं. पण मग भिंतही कोरी राहिली असती.

तिलारी घाटाच्या माथ्यावर, खाली दोडामार्गाला उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी माझं दुकान. टर्बो गाड्यांची इंजिनं मी इंधनाप्रमाणे लावून देते. माझा नवरा गेला तेव्हा दुकानात एक लॅपटॉप होता, त्यात इंधनाचे तक्ते होते आणि मला अक्षर येत नव्हतं. माझी मुलगी वृंदा तेव्हा शाळेत होती. तिनं मला आधी आकडे शिकवले, मग अक्षरं. त्यामुळे मला आजही कुठल्याही कागदावर आकडा आधी दिसतो.

काम काय ते थोडक्यात सांगते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त जोर. पण कोंबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल कधी कधी ठिणगीची वाट न बघता आपणच पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला वरून हातोडा घालतं. त्याला आम्ही ठोका म्हणतो. ठोके वाढले की पिस्टनला भोक पडतं. इथेनॉलचं तसं नाही. ते उडताना हवा थंड करतं आणि सहजी वेळेआधी पेटत नाही. म्हणून इथेनॉलवर टर्बोचा दाब वाढवता येतो. मात्र जिथं पेट्रोल एक भांडं लागतं तिथं इथेनॉल दीड भांडं लागतं. टाकीत दोन्ही कमी-जास्त असतील तर किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, दाब किती द्यायचा हे प्रत्येक मिश्रणाला वेगळं. टाकीत काय आहे ते नळीतला एक छोटा सेन्सर सांगतो. पुढचं कॉम्प्युटर तक्त्यात बघून ठरवतो. तो तक्ता लिहायचा, हा माझा धंदा.

कुलपाचा कायदा आला आणि नव्या गाड्यांतला तक्ता कंपनीनं बंद केला. त्या कॉम्प्युटरला त्यांनी नाव दिलं 'राखण'. राखण इंधन ओळखणार, राखण दाब ठरवणार, काही वावगं दिसलं तर राखण गाडीचा जोर काढून घेणार. जुन्या गाड्यांनाही वर्षाच्या आत राखण बसवून घ्यायची होती. ज्या दुकानाला कॉम्प्युटर उघडे ठेवायचे असतील त्यानं वेगळा परवाना काढायचा. गाडीवाल्यानं स्वतःच्या गाडीत स्वतः काही केलं तर त्याबद्दल कायद्यात काही नव्हतं. असं कुणी करेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

दस्तगीर नाईकवाडीची वडाप घाटातून माणसं ने-आण करते. एसटी त्या चढणीला येत नाही. दवाखान्याची माणसं, शाळेच्या बाई, बाजाराच्या टोपल्या, सगळं त्याच्याच आठ आसनांवर. चैत्रातल्या एका सकाळी त्याची गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात आली.

"आक्का, मेली बघा," दस्तगीर म्हणाला.

"मेली म्हणजे काय झालं?"

"चढंना. वळणाला आलो आन् राखणनं टर्बो बंद केला. पडद्यावर लिवून आलं, 'भेसळयुक्त इंधन'. गाडी मागं सरकाय लागली. मी ब्रेकवर उभा, आन् खाली उतरून बायका चाकाला दगड लावत्यात."

मागून जनाबाई खाली उतरली. तिच्या हातात अजून दगड होता. "ढकलायचं बी कबूल केलं मी," ती म्हणाली. "पण ते यंत्र सारखं बोलतंय, भेसळ, भेसळ. म्हणलं, आधी त्याला गप कर. लेकीच्या सासरची माणसं हायती गाडीत."

मी विचारलं, "टाकीत काय घातलंयस?"

"अर्धी टाकी पंपावरचं. वर सोनूकाकाच्या भट्टीचा डबा. हंगामातला पहिला डबा वडापला दिला काकांनी, मानाचा."

मला राग आला तो राखणचा. पंप ओळखते आणि आमची भट्टी ओळखत नाही, याला भेसळ म्हणायचं? मी राखणच्या पेटीचं सील तोडलं, कॉम्प्युटर काढला, माझ्याकडचा जुना उघडा बसवला आणि गाडी घेऊन चढणीला गेले. गाडी दोन वळणं नीट चढली, मग आचके द्यायला लागली. एका वळणाला जोर, दुसऱ्याला मरगळ. राखण तर आता गाडीत नव्हती.

मी वृंदाला फोन लावला. ती पुण्याजवळ त्याच कंपनीत, राखणचे तक्ते लिहिणाऱ्या माणसांत. खरं सांगायचं तर भांडायलाच लावला होता.

"सील तोडलंस?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"तोडलं."

"आई, अगं," ती म्हणाली. "बरं. टाकीच्या तळातून थोडं काचेच्या बाटलीत काढ. हलव आणि ठेवून दे. काय दिसतंय ते सांग."

बाटलीत दोन थर झाले. वर पिवळट, खाली पांढरं स्वच्छ. मध्ये रेघ मारल्यासारखी.

"पाणी आहे," वृंदा म्हणाली. "इथेनॉल पाण्याला सोडत नाही आणि पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. पेट्रोल भरपूर असेल आणि पाणी वाढलं, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. वळणावर टाकी हिंदकळते, इंजिनाला कधी वरचं मिळतं, कधी खालचं. आणि सेन्सर विजेवर चालतो. पेट्रोल विजेला थोडी दाद देतं, इथेनॉल पुष्कळ, आणि पाणी इथेनॉलपेक्षाही पुष्कळ. त्यामुळे पाणी आलं की सेन्सर शंभरच्या वरचा आकडा सांगतो. राखणला वाटतं भेसळ. चूक तिची नाही."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक पाण्याची. पण सील तोडणं तुझी. मागच्या साली इकडे एकानं दाब वाढवून घेतला होता. इंजिन फुटलं, गाडी पेटली. फोटो माझ्या टेबलावर आले होते. कुणी लावून दिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. उघडं ठेवायचं तर उत्तर कोण देणार, आई?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी फोन ठेवला आणि दस्तगीरला घेऊन भट्टीवर गेले.

सोनू गावडे म्हणजे सोनूकाका. त्यांच्या बापजाद्यांनी बोंडांची दारू गाळली. आता इंधनाचा परवाना आहे, कुणी पिऊ नये म्हणून पिंपात थोडं पेट्रोल घालतात, आणि तरी वास हुंगायला चार माणसं बसलेली असतातच. मी बाटली त्यांच्यापुढे धरली.

"पाणी कुठून आलं, काका?"

"थोडं तर गाळलेल्यात असतंयच," ते म्हणाले. "कितीदा बी गाळ, शेवटचं पाणी निघत न्हाई. वाफेबरोबर वाफ जातीया. ते काढायला कारखाना पायजे."

"हे थोडं नाही. हे बरंच आहे."

काकांनी टोपी मागे सरकवली. "मग रवळनाथाचा तांब्या असंल."

"कसला तांब्या?"

"दर पिंपाला देवाच्या तळीचा एक तांब्या. आजापासनं घालतोय. देवाचा वाटा त्यात पडल्याबिगर गाळलेलं भाईर द्यायचं न्हाई."

"काका, ती दारू होती. हे इंधन आहे."

"पिणाराच बदलला न्हवं," काका शांतपणे म्हणाले. "आदी माणूस पीत हुता, आता गाडी पितीया. देव तोच हाय."

मी तिथं पिंपाच्या सावलीला बसून विचार केला. तांब्या बंद करा म्हणणं सोपं होतं. पण तांब्या बंद केला तरी भट्टीचं आपलं पाणी राहणारच होतं, आणि राखणला तेवढंही चालत नव्हतं. म्हणजे ज्याच्याकडे पाणी काढायचा कारखाना, त्याचंच इंधन गाडी पिणार. बोंडं आमच्या झाडांची, भट्टी आमची, चढण आमची, आणि आमची गाडी तोंड फिरवणार. हे कुणी ठरवलं? एका तक्त्यानं. आणि तक्ता माणूस लिहितो.

"घाला तांब्या," मी म्हटलं. "पण मोजून. दर पिंपाला एकच तांब्या, एकाच मापाचा. आणि दस्तगीर, पंपावरचं पेट्रोल आजपासून बंद. टाकी रिकामी कर."

पेट्रोल अगदी थोडं असेल तर इथेनॉल पाण्याला पोटात घेतं, थर होत नाही. आणि टर्बोच्या तापलेल्या हवेत थोडं पाणी गेलं तर बरंच. ते वाफ होताना उष्णता ओढून घेतं. फक्त ते धरून तक्ता नव्यानं लिहायचा. सेन्सर शंभरच्या वर गेला म्हणजे भेसळ असं न मानता, वर जितका गेला तितकं पाणी असं मानायचं. पाण्याला जोर नाही, म्हणून इंधन थोडं आणखी सोडायचं, आणि ओली हवा हळू पेटते म्हणून ठिणगी जरा आधी पाडायची. मी पाण्यासाठी एक नवाच रकाना केला. दस्तगीर गाडी चालवायचा, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजूला. घाट चढायचा, आकडा बदलायचा, उतरायचं, परत चढायचं. बोंडांचा हंगाम निम्मा झाला तेव्हा गाडी आठ पोती वाळू घेऊन खाकरल्याशिवाय वर आली.

मग मी उघड्या दुकानाचा परवाना मागितला. लपून करायचं माझ्यानं होत नाही.

परीक्षेला वाहन खात्याचे बेडगे साहेब आले, आणि कंपनीची साक्षीदार म्हणून वृंदा. तिलाच मुद्दाम पाठवलं की तिनं मागून घेतलं, मी विचारलं नाही. ती गाडीतून उतरली, माझ्या पाया पडली आणि मग साहेबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"नियम साधा आहे," बेडगे साहेब म्हणाले. "पूर्ण वजन घेऊन घाट चढायचा. थांबायचं नाही, आणि एकही ठोका नको. ठोका मोजायचं यंत्र कंपनीचं, वाचणार मॅडम."

"इंधन तुमच्या हातानं भरा," मी म्हटलं. "मला नको नंतर बोलणं."

घाटाच्या पायथ्याला साहेबांनी स्वतः सोनूकाकांचं एक लहान पिंप टाकीत रिकामं केलं. झाकण लावणार तोच मी काकांच्या हातातला तांब्या घेतला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"तळीचं पाणी. या पिंपाचा तांब्या अजून घातलेला नाही. रोज गाडीला जे मिळतं तेच परीक्षेलाही मिळायला पाहिजे. नाहीतर ही परीक्षा कुणाची?"

"आई, नको," वृंदा म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती मला आई म्हणाली.

"थर होईल?"

तिनं मनात हिशेब केला. माझ्या बाजूनं बोलते आहे की कंपनीच्या, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. "नाही होणार," ती म्हणाली. "पण जेमतेम."

मी तांब्या ओतला. साहेबांनी तसं लिहून घेतलं.

गाडी मी चालवली. वृंदा बाजूला, तिच्या मांडीवर ठोके मोजायचं यंत्र. मागे वाळू आणि वाळूवर अंग चोरून बसलेले बेडगे साहेब. ऊन चढलं होतं. पहिल्या चढाला टर्बोची शीळ लागली, ओळखीची. मी कानानं ऐकत होते, वृंदा आकड्यानं.

"दाब?" मी विचारलं.

"तुझ्या तक्त्यात आहे तेवढाच."

"पाणी?"

"रकान्यात बसतंय." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "रकाना छान केलायस."

शेवटचं वळण तिलारीतलं सगळ्यात वाईट. तिथं गाडी जवळजवळ थांबते आणि लगेच पूर्ण जोर मागते. इंजिन मंद, दाब पूर्ण, मागे वजन, आणि तापलेला डोंगर. मी पाय दाबला. शीळ वर गेली आणि तिच्याखाली कुठंतरी टक असं झालं. इतकं बारीक की मला ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहत होते. ती गप्प बसली असती तर यंत्रातलं ते एक टिंब मागच्या माणसाला कळलं नसतं.

"ठोका," ती म्हणाली. "एक."

मी पाय किंचित सैल केला, परत दाबला. गाडी वर आली. माथ्यावर दस्तगीर, जनाबाई आणि निम्मा बाजार उभा होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग आमची तोंडं बघून थांबवल्या.

"गाडी उत्तम चढली," बेडगे साहेब वाळू झटकत म्हणाले. "मी तसं लिहितो. पण एक ठोका आहे, आक्का."

"राखणच्या गाडीला या वळणावर ठोका येत नाही?"

साहेबांनी वृंदाकडे पाहिलं.

"येतो," ती म्हणाली. "कॉम्प्युटर पुढच्या क्षणी ठिणगी मागं घेतो. आईनं पाय मागं घेतला तसंच. या एका ठोक्यानं इंजिनाला काही होत नाही, हेही लिहा."

"लिहितो. पण राखणची परीक्षा घ्यायला मला सांगितलेलं नाही," साहेब म्हणाले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. "परवाना देता येत नाही. दुकानाला सील लावावं लागेल. आता जेवायची वेळ झाली. मी जेवून येतो, मग लावतो."

ते गेले. दस्तगीर वृंदाकडे बघून म्हणाला, "ताई, एक टिंब गिळलं असतं तर काय घशात अडकलं असतं?"

"तिला नको बोलू," मी म्हटलं. "तिनं खरं वाचलं. मीच तिला सांगितलंय, आकडा वाचायचा तर आहे तसा वाचायचा."

वृंदानं तोंड घाटाकडे फिरवलं. तिचे डोळे भरले होते, पण ते तिला मला दाखवायचे नव्हते, म्हणून मीही बघितलं नाही.

दुकानाची घाटाकडची भिंत मी पाडव्याला चुन्यानं रंगवली होती. आतून निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि जाड कुंचला आणला. दस्तगीरला डबा धरायला लावला. आणि तक्ता लिहायला घेतला. भट्टीच्या इंधनाचा, रकान्यारकान्यानं, इंधन किती, ठिणगी कधी, दाब किती, पाण्याचं काय. अक्षर माझं मोठं आणि वाकडं, पण आकडे सरळ. लॅपटॉपात जे कुलपाआड जाणार होतं ते रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लिहिलं. वर लिहिलं, पेट्रोल मिसळू नये, थर होतो. तांब्याचं माप लिहिलं. सगळ्यात खाली लिहिलं, 'जबाबदार : मालन सुतार', आणि फोन नंबर. उत्तर कोण देणार, असं वृंदानं विचारलं होतं ना.

बेडगे साहेब सुपारी चघळत परत आले तेव्हा मी नंबराचा शेवटचा आकडा काढत होते. त्यांनी सगळी भिंत वाचली. मग शटर ओढून घेतलं, कुलपावर लाख लावली, शिक्का मारला. परत भिंतीपुढे आले.

"आक्का, हे काय केलंत?"

"सील शटरला आहे. भिंत बाहेर आहे. तुमच्या कागदात भिंतीबद्दल काही आहे का?"

त्यांनी खरंच कागद काढून बघितला. "नाही," ते म्हणाले.

"आणि आपल्या गाडीत आपल्या हातानं कुणी हे आकडे भरले तर?"

"त्याबद्दलही नाही." त्यांनी कागदाची घडी केली. "पण होईल. वर कळलं की पुढच्या साली त्याबद्दलही होईल."

"होऊ दे. रस्त्यावरच्या भिंती पुष्कळ आहेत."

तेवढ्यात वृंदा पुढे आली आणि तिनं माझ्या हातातला कुंचला काढून घेतला. मला वाटलं, पुसते. कंपनीचं ओळखपत्र अजून तिच्या गळ्यात होतं. ती सरळ शेवटच्या रकान्याशी गेली, जिथं इंजिन मंद आणि दाब पूर्ण. तिथला माझा ठिणगीचा आकडा तिनं अंगठ्यानं पुसला आणि त्याच्या जागी एकनं कमी केलेला लिहिला.

"आता त्या वळणाला ठोका येणार नाही," ती म्हणाली. "हे मला वर येतानाच कळलं होतं. तिथं बोलायचा मला अधिकार नव्हता."

"इथं आहे?"

ती खाली वाकली आणि माझ्या नावाखाली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या अक्षरात, 'वृंदा सुतार' असं लिहिलं.

"मॅडम," बेडगे साहेब म्हणाले, "तुम्ही कंपनीच्या आहात."

"आहे अजून. संध्याकाळी त्यांना कळवते."

साहेब काही बोलायच्या आत मागून त्यांचा ड्रायव्हर पुढे आला. मघापासून तो सरकारी गाडीला टेकून भिंत वाचत होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला, भिंतीवर धरला, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला.

"ताई, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "पाण्याचा रकाना दिसत न्हाई."